कामठीचे रुस्तमजी : पोलीस खात्यातील एका गुरुजनाचे जन्मस्मरण

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी षष्ट्यब्दी, अमृतमहोत्सव आणि सहस्रचंद्रदर्शन अशा टप्प्यांना पोहोचलेल्या ज्ञातिबंधूंचा व भगिनींचा परिचय छायाचित्रासह देण्याचा प्रघात आहे. वडीलधाऱ्यांच्या हयातीतच त्यांचे ऋण मान्य करावे, या हेतूने पूर्वसूरींनी तो पाडला, आणि तो मोडावा असे आम्हांस मुळीच वाटत नाही. तथापि या परिचयांतील एक उणीव आम्हांस वारंवार जाणवत आलेली आहे. आपल्या समाजातील पुष्कळ घरे पोलीस खात्याच्या आश्रयाने वर आली. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात शिपाई, हवालदार, जमादार, फौजदार म्हणून आयुष्य वेचलेली माणसे आपल्या बहुतेक घराण्यांच्या वंशावळींत सापडतात. त्यांच्या परिचयात बदल्यांची गावे असतात, पदके असतात, निवृत्तीचे साल असते. परंतु ही माणसे कोणाच्या हाताखाली घडली, कर्तव्य म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकविले, याचा उल्लेख क्वचितच असतो. गवई गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीस हात लावतो. पोलीस खात्यात मात्र साहेब बदलून गेला की त्याचे नाव कचेरीतील फळीवर उरते, आणि पुढे फळीही रंगविली जाते.

ही उणीव अंशतः तरी भरून काढावी म्हणून यंदा आम्ही खुसरो फरामर्झ रुस्तमजी यांचे स्मरण करीत आहोत. त्यांचा जन्म २२ मे १९१६ रोजी नागपूरजवळच्या कामठी येथे झाला. २०१६ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, आणि तेव्हाच हा लेख आपल्या पानांत यावयास हवा होता, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. काही वाचक विचारतील की, रुस्तमजी हे पारशी; आपल्या ज्ञातीशी त्यांचा संबंध काय? संबंध इतकाच की, ते आपल्या मातीचे, आणि आपल्या पूर्वजांनी ज्या खात्याची भाकरी खाल्ली त्या खात्याचे. आचार्य शोधावयाचा तर तो ज्ञातीच्या वहीतच सापडला पाहिजे, असा नियम आपल्या पूर्वजांनी कधी केला नव्हता. शाळामास्तर, वैद्य आणि वकील आपण ज्ञात पाहून निवडीत नाही. मग फौजदारांच्या गुरूची ज्ञात काय म्हणून पाहावी?

कामठी हे कन्हान नदीकाठचे छावणीचे गाव. रुस्तमजींचे शिक्षण नागपूर व मुंबई येथे झाले, आणि काही काळ त्यांनी नागपूरच्या सायन्स कॉलेजात अध्यापनही केले. पोलीस अधिकारी होण्यापूर्वी हा मनुष्य शिक्षक होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. १९३८ साली इंडियन पोलीस सेवेत त्यांची निवड झाली व ते मध्यप्रांत-वऱ्हाडातच रुजू झाले. त्या प्रांतातील फौजदार सागर येथील पोलीस शाळेत तयार होत. आपल्यातील जुनी मंडळी ‘सागरची परेड’ हे शब्द ज्या धाकाने उच्चारीत, तो धाक पुष्कळांच्या कानांत अजून असेल.

ती सेवा सोपी नव्हती. चारच वर्षांत १९४२ चा ऑगस्ट उजाडला. चिमूर व आष्टी येथे जे घडले ते विदर्भातील वाचकांस नव्याने सांगणे नलगे. देशभक्त गोळीस बळी पडले, आणि पोलीस ठाण्यातील माणसेही प्राणांस मुकली. परक्या सरकारचा पट्टा कमरेला आणि घरात गांधीजींची तसबीर, अशा दुहेरी अवस्थेत आपल्या कितीतरी आजोबांनी ते दिवस काढले. पुढे पाच वर्षांनी राज्य बदलले आणि काही काळाने टोपीवरचा मुकुट जाऊन तेथे अशोकस्तंभावरील सिंह आले. पण टोपीवरचे चिन्ह बदलण्यास जितका वेळ लागतो, तितक्यात टोपीखालचे डोके बदलत नाही. ज्यांनी परकीय अमलात नोकरी धरली त्यांनी स्वतंत्र देशात आपल्याच लोकांशी कसे वागावे, हे कोणीतरी स्वतः वागून दाखविणे आवश्यक होते. ते ज्या थोड्या अधिकाऱ्यांनी दाखविले त्यांत रुस्तमजींची गणना होते.

१९५२ ते १९५८ अशी सहा वर्षे ते पंतप्रधान पंडित नेहरूंचे मुख्य सुरक्षा अधिकारी होते. पंडितजींना गर्दीत शिरण्याची हौस आणि पोलिसांच्या कड्याचा मनस्वी तिटकारा. त्यामुळे हे काम म्हणजे नित्याचीच कसोटी. १२ मार्च १९५५ रोजी खुद्द नागपुरात एक रिक्षावाला हातात सुरा घेऊन पंडितजींच्या मोटारीच्या पायरीवर चढला. तो तत्काळ पकडला गेला व अनर्थ टळला. पंडितजींनी त्या प्रसंगाचे स्तोम माजू दिले नाही. या सहा वर्षांच्या नोंदी रुस्तमजींनी रोजनिशीत करून ठेवल्या होत्या. त्यांवरून पी. व्ही. राजगोपाल या मध्य प्रदेशातील पोलीस अधिकाऱ्याने ‘आय वॉज नेहरूज शॅडो’ हे पुस्तक २००६ साली सिद्ध केले, आणि पुढे २००९ साली ‘द ब्रिटिश, द बँडिट्स अँड द बॉर्डरमेन’ हे दुसरे. वरिष्ठाच्या पश्चात त्याच्या वह्या त्याच खात्यातील कनिष्ठाने जुळवाव्यात, वाचाव्यात आणि छापाव्यात, हे पोलीस खात्यात वारंवार घडत नाही. शिष्यत्वाचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि जुन्या प्रांतातील पोलीस अधिकारी दोन राज्यांत वाटले गेले. रुस्तमजी मध्य प्रदेशाकडे गेले व १९५८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तेथील पोलीस महानिरीक्षक झाले. चंबळच्या घळींत त्या वेळी अमृतलाल, रूपा, लाखन, गब्बरसिंग यांच्या टोळ्यांचा अंमल होता. यांतील गब्बरसिंग पोलिसांच्या खबऱ्यांची व साध्या गावकऱ्यांची नाके कापीत असे. १३ नोव्हेंबर १९५९ रोजी भिंड जिल्ह्यात उपअधीक्षक राजेंद्रप्रसाद मोदी यांच्या तुकडीने त्याच्या टोळीला घेरले, आणि चकमकीत तो मारला गेला. दुसऱ्याच दिवशी पंडित नेहरूंना सत्तर वर्षे पूर्ण होत होती. ही बातमी रुस्तमजींनी त्यांना वाढदिवसाची भेट म्हणून दिली, अशी हकीकत त्यांच्या रोजनिशीच्या आधारे सांगितली जाते. १९७५ च्या ‘शोले’ चित्रपटाने गब्बरचे नाव घरोघर नेले. ज्या पोलिसांनी त्याचा बंदोबस्त केला त्यांची नावे मात्र कोणाच्या ओठांवर आली नाहीत. चित्रपटाचा न्याय असाच असतो.

आजचा वाचक ‘चकमक’ हा शब्द ऐकून थबकेल, आणि त्याने थबकावे हे योग्यच आहे. गेल्या काही दशकांत त्या शब्दास जो वास चिकटला आहे तो आम्हांस अपरिचित नाही. परंतु १९५९ च्या भिंड-मुरैन्यात टोळ्या बंदुका घेऊन पोलिसांच्या समोर उभ्या राहत, आणि मरणारांत शिपाईही असत, हे विसरता येत नाही.

याच संदर्भात एक प्रसंग आम्हांस मननीय वाटतो. मे १९६० मध्ये आचार्य विनोबा भावे पदयात्रा करीत चंबळच्या प्रदेशात गेले आणि वीस दरोडेखोरांनी त्यांच्या चरणी शस्त्रे ठेवली. देशभर धन्यता पसरली. रुस्तमजींनी मात्र या कार्यावर उघडपणे टीका केली. एक पुरुष पवनारचा, दुसरा कामठीचा. दोन्ही ठिकाणे आमच्याच नागपूर-वर्ध्याच्या परिसरातली. संताच्या विरुद्ध बोलणारा पोलीस अधिकारी लोकांस रुचत नाही, आणि तो रुचला नाहीच. पण पोलिसांचे म्हणणे काय होते? शरण आलेल्यांच्या गळ्यात हार पडत असताना, त्यांच्याशी लढताना मेलेल्या शिपायाच्या विधवेने कोणाकडे पाहावे? ज्या गावकऱ्याने जीव धोक्यात घालून खबर दिली त्याने उद्या कोणाच्या भरवशावर राहावे? आम्ही विनोबांचे भक्त आहोत, आणि हृदयपरिवर्तनावरील आमची श्रद्धा यत्किंचितही ढळलेली नाही. तरीसुद्धा आपल्या हाताखालच्या सामान्य शिपायाच्या बाजूने, लोकप्रियतेची पर्वा न करता उभा राहणारा वरिष्ठ आम्हांस अधिक दुर्मीळ वाटतो. ज्या खात्यात वरिष्ठ आधी स्वतःचा बचाव पाहतो, तेथे कनिष्ठ काय शिकणार, हे आपल्यातील निवृत्त फौजदारांना विचारावे.

पुढचा टप्पा सर्वांस माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ९ एप्रिल १९६५ रोजी कच्छमधील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला. त्या वेळी सीमेचे रक्षण निरनिराळ्या राज्यांच्या सशस्त्र पोलिसांकडे होते. ती व्यवस्था पुरी पडणारी नाही हे उघड झाले, आणि १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली. रुस्तमजी त्याचे पहिले प्रमुख. पंचवीस बटालियनांनी आरंभ झालेल्या या दलाची संख्या आता अडीच लाखांवर आहे. निरनिराळ्या राज्यांचे पोलीस, सैन्यातून मुक्त झालेले तरुण अधिकारी आणि नवी भरती, असे हे तीन जातींचे धान्य एकत्र दळावयाचे होते. ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९६६ साली दलाची प्रबोधिनी उभी राहिली. मार्च १९७१ च्या अखेरीस पूर्व बंगालमधून ताजुद्दीन अहमद सीमेवर आले, तेव्हा दलाच्या गोलक मजुमदारांनी त्यांना कलकत्त्यास आणले आणि रुस्तमजी त्याच रात्री तेथे पोहोचले. १७ एप्रिल रोजी वैद्यनाथतळ्याच्या आमराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. त्यामागील व्यवस्थेत सीमा सुरक्षा दलाचा मोठा वाटा होता. १९७४ साली नेमलेल्या, त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीच्या शिफारशींतून पुढे भारतीय तटरक्षक दल जन्मास आले. त्याच वर्षी ते सीमा सुरक्षा दलातून बाहेर पडले, आणि गृहखात्यात विशेष सचिव म्हणून काम करून १९७६ साली निवृत्त झाले. ते त्यांचे षष्ट्यब्दीचे वर्ष.

एखाद्या सामान्य चरित्रलेखकाने येथे ‘उर्वरित आयुष्य त्यांनी विश्रांतीत घालविले’ असे लिहून लेखणी ठेवली असती. आमच्या मते रुस्तमजींच्या गुरुपणाचा खरा धडा येथून सुरू होतो.

१९७७ साली धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला. आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे त्याचे सदस्य होते, रुस्तमजीही होते. आयोगाच्या कामानिमित्त रुस्तमजी बिहारच्या तुरुंगांत गेले. तेथे त्यांनी जे पाहिले ते असे : शेकडो माणसे खटला उभा राहण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे कोठडीत पडलेली. काहींवर जो आरोप होता त्यास कायद्याने जितकी कमाल शिक्षा, तितकी किंवा त्याहून अधिक वर्षे ती आधीच आत राहिलेली. जामिनाची रक्कम भरण्यास पैसा नाही, वकील देण्यास कोणी नाही, आणि आपण आत आहोत हे बाहेर कोणास आठवत असेल की नाही याचीही खात्री नाही. काही स्त्रिया तर आरोपीसुद्धा नव्हत्या. त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार, आणि ‘संरक्षणासाठी’ म्हणून त्यांना तुरुंगात ठेवलेले.

अशा वेळी निवृत्त पोलीस प्रमुखाने काय करावे? अहवालात एक परिच्छेद घालून तो मोकळा झाला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. रुस्तमजींनी जानेवारी १९७९ मध्ये ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये दोन लेख लिहिले. चाळीस वर्षे खाकी वर्दीशी नाते असलेला मनुष्य वर्तमानपत्रातून सांगत होता की, आमच्या खात्याने पकडून आणलेली माणसे आम्ही विसरून गेलो आहोत. ते लेख वाचून दिल्लीच्या वकील श्रीमती पुष्पा कपिला हिंगोरानी यांनी सर्वोच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. तुरुंगात असलेल्या एका स्त्रीच्या नावावरून तो खटला ‘हुसेनआरा खातून’ या नावाने प्रसिद्ध झाला. न्या. पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने त्वरित सुनावणीचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला, आणि निर्धन कैद्यांना जातमुचलक्यावर सोडण्याचा मार्ग खुला केला. त्या खटल्याच्या ओघात देशभरात अंदाजे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले. जनहित याचिका म्हणून आज जिचे नाव सर्वतोमुखी आहे, तिच्या उगमाशी हा खटला मानतात. त्या उगमाच्याही मागे एका पोलिसाची लेखणी होती, हे वकील मंडळींनासुद्धा पुष्कळदा ठाऊक नसते.

१९५९ चा महानिरीक्षक आणि १९७९ चा लेखक यांत काही जणांस विसंगती दिसते. आम्हांस ती दिसत नाही. गब्बरने नाके कापलेल्या गावकऱ्याचा कोणी वाली नव्हता. बिहारच्या कोठडीतील मजुराचाही नव्हता. पहिल्यासाठी बंदूक लागली, दुसऱ्यासाठी दौत.

आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात आठ अहवाल सादर केले. तिसऱ्या अहवालात एक गोष्ट नमूद आहे, ती आपल्या पोलीस कुटुंबांनी अवश्य वाचावी : होणाऱ्या अटकांपैकी सुमारे साठ टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात. आयोगात ज्येष्ठ पोलीस अधिकारी बसलेले होते. पोलिसांच्या कोणा शत्रूने हे लिहिलेले नाही. पोलीस प्रमुखास निश्चित मुदत असावी, तपास व बंदोबस्त ही कामे वेगळी करावी, राजकीय दडपणापासून खात्यास राज्य सुरक्षा आयोगाचे छत्र असावे, १८६१ चा जुना कायदा बदलावा, अशा त्यांच्या सूचना होत्या. अहवालांचे पुढे जे होते ते यांचेही झाले.

१९९१ हे रुस्तमजींच्या अमृतमहोत्सवाचे वर्ष. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. पद्मभूषण १९७२ सालीच मिळालेले होते. समारंभ झाले असतील, हार पडले असतील. परंतु अहवाल कपाटातच होते. ते कपाट उघडण्यास शेवटी दुसराच एक पोलीस पुढे आला. सीमा सुरक्षा दलात रुस्तमजींच्या खुर्चीवर पुढे बसलेले प्रकाश सिंह यांनी निवृत्तीनंतर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, न्यायालयाने सर्व राज्यांना सात निर्देश दिले. त्यांचा गाभा त्या जुन्या आयोगाच्या सूचनांचाच. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आपल्या पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून त्यांतील काही गोष्टी स्वीकारल्या, काही स्वतःच्या सोयीने वळवून घेतल्या. रुस्तमजी हे पाहावयास नव्हते. २००३ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

त्यांच्या जन्मदिनाच्या सुमारास दरवर्षी मे महिन्यात सीमा सुरक्षा दल दिल्लीत रुस्तमजी स्मृतिव्याख्यान योजते व आपल्या जवानांना पदके देते. टेकनपूरच्या तंत्रशिक्षण संस्थेस १९९९ साली, ते हयात असतानाच, त्यांचे नाव दिले गेले. दलाने गुरूचे स्मरण नीट ठेवले आहे. प्रश्न आपला, म्हणजे ज्या भूमीत ते जन्मले तेथील लोकांचा आहे. कच्च्या कैद्यांची कथा संपलेली नाही. २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातील कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक निकाल लागण्याची वाट पाहणारे होते. आपल्या ज्ञातीतील तरुण पोलिसांत आहेत, तुरुंग खात्यात आहेत, वकिलीत आहेत. या साखळीची प्रत्येक कडी आपल्या घरात आहे.

वार्षिक संमेलनात मंडळ पोलीस सेवेतील एका ज्ञातिबंधूस मानपत्र देते, हे आपण जाणता. आजवर ते बहुधा बढती किंवा पदक पाहून दिले गेले. आम्ही अशी सूचना केली आहे की, पुढील वर्षापासून हे मानपत्र रुस्तमजींच्या नावे असावे, ते २२ मे रोजी कामठी येथे द्यावे, आणि ते देताना उमेदवाराने कितीजणांस पकडले यापेक्षा, विनाकारण अडकलेल्या किती गरिबांच्या जामिनासाठी, जातमुचलक्यासाठी वा कागदपत्रांसाठी धडपड केली, याची विचारपूस व्हावी. पोलीस, तुरुंग कर्मचारी आणि वकील अशा तिघांसही ते खुले असावे. काही सन्मान्य सभासदांचा यास विरोध आहे; पारशी गृहस्थाच्या नावाने ज्ञातीचे मानपत्र कसे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यांनी ते स्पष्टपणे मांडले याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. ठरावाचा मसुदा कार्यकारी मंडळाकडे दिलेला आहे. सभासद कुटुंबांनी, विशेषतः ज्यांच्या घरी कोणी वर्दीत आहे किंवा होते त्यांनी, आपली मते वार्षिक सभेपूर्वी चिटणिसांकडे लेखी पाठवावीत.